स्कोअरचा नियम फसला, तर आधी बेरीज उघडून बघा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे दिंडोरी तालुक्यातल्या एका वाइनरीच्या लॅबमध्ये काम करतात, राहतात नाशिकला गंगापूर रोडवर. यूझनेट, म्हणजे इंटरनेटवरचे जुने चर्चा-ग्रुप, वाचायला घरी लिनक्सवर एसएलआरएन आणि ऑफिसात पॅन हे प्रोग्राम (न्यूजरीडर), आणि दोन्हीकडे स्कोअरची फाइल, म्हणजे लेखांना गुण देऊन वर आणणाऱ्या किंवा लपवणाऱ्या नियमांची फाइल, एकच. वाचतात ते यूझनेटवरचे तीन ग्रुप: रेक.क्राफ्ट्स.वाइनमेकिंग, रेक.स्पोर्ट.क्रिकेट आणि सोक.कल्चर.इंडियन.मराठी. तक्रारी बऱ्याच आहेत. दोन कटकट्या लेखकांना उणे हजार दिले तरी ते दिसतात. क्रिकेटच्या ग्रुपमधून चांगले लेख गायब होतात. सल्फाइटचा (वाइन टिकवायला घालतात त्या रसायनाचा) नियम ऑफिसात चालतो, घरी चालत नाही. मराठी ग्रुप जवळजवळ रिकामा दिसतो. घरी ग्रुप उघडायला फार वेळ लागतो. आणि थोड्या दिवसांसाठी लावलेला एक नियम कधी लागलाच नाही. सोबत त्यांनी पूर्ण स्कोअर फाइल पाठवली आहे, म्हणून अंदाजाने नाही, फाइल वाचून उत्तर देतो. नियमांच्या ओळी इथे देवनागरीत लिहितो आहे. फाइलमध्ये त्या इंग्रजीतच टाकायच्या.

सगळ्यात आधी: फाइलची एक प्रत बाजूला ठेवा आणि निदान होईपर्यंत नियम दुरुस्त करायला जाऊ नका. तुम्ही लिहिलंय की एक बदल करून बघितला, मग दुसरा, मग गोंधळ वाढला. तो वाढणारच. लेखाचा स्कोअर हा एका नियमाचा निकाल नसतो, लागलेल्या सगळ्या नियमांची ती बेरीज असते. किराण्याच्या बिलाचा आकडा चुकीचा वाटला तर आपण खालचा आकडा खोडून नवा लिहीत नाही, एकेक ओळ तपासतो. इथेही तेच करायचं. ज्या नियमावर तुमचा संशय आहे तो बहुतेक वेळा निर्दोष असतो. दुसराच कुठला तरी, कधीकाळी लिहून विसरलेला नियम बेरीज फिरवत असतो.

ही बेरीज उघडून दाखवायची सोय प्रोग्राममध्येच आहे आणि आश्चर्य म्हणजे वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांनाही ती ठाऊक नसते. एसएलआरएनमध्ये लेखावर जाऊन व्ही दाबा, त्या लेखाला कोणते नियम लागले त्यांची यादी येते. पॅनमध्ये लेखाच्या मेन्यूतून स्कोअरची खिडकी उघडते. तिथे लागलेला प्रत्येक नियम, त्याने दिलेले गुण, फाइलचं नाव आणि ओळीचा क्रमांक असं सगळं समोर येतं. ग्नूस हा आणखी एक न्यूजरीडर, तो वापरणाऱ्यांसाठी मोठा व्ही आणि मग लहान टी. जो लेख चुकीच्या जागी दिसतोय त्यावर उभं राहून आधी हे बघायचं, फाइल नंतर उघडायची.

पण यात एक अडचण आहे, आणि तुमच्या निम्म्या तक्रारी तिथेच अडकल्यात. जो लेख दिसतोय त्याची यादी बघता येते. जो लपलाय त्यावर उभं कसं राहणार? लेख वर आणणारा नियम चुकला तर ते डोळ्यांना दिसतं, लपवणारा नियम चुकला तर काहीच दिसत नाही. त्यामुळे लपवणाऱ्या नियमातल्या चुका वर्षानुवर्षं टिकतात आणि माणूस म्हणत राहतो की या ग्रुपमध्ये आता काही उरलं नाही.

त्यावरचा उपाय मी सगळ्यांना सांगतो: लपवणारा नियम आधी दाखवणारा करून बघा. फाइलच्या प्रतीत प्रत्येक उणे आकडा काढून तिथे अधिक आकडा घाला, आणि तोही दुपटीच्या क्रमाने. पहिल्या नियमाला १, दुसऱ्याला २, मग ४, ८, १६, ३२. स्कोअरच्या आकड्याआधी कुठे बरोबरचं चिन्ह असेल तर तेही तेवढ्यापुरतं काढा, कारण त्या चिन्हाचा अर्थच असा की हा आकडा नक्की करा आणि पुढचे नियम बघू नका. मग ग्रुप उघडा. आता काहीच लपणार नाही आणि प्रत्येक लेखाचा आकडा स्वतःच बोलेल. २१ दिसले तर १६, ४ आणि १ हेच नियम लागलेत, दुसरी कुठलीही जुळणी शक्य नाही. एसएलआरएनमध्ये लेखांच्या यादीत स्कोअरचा स्तंभ डावीकडे दाखवता येतो, म्हणजे एकेका लेखावर थांबायचीही गरज नाही. नुसती नजर फिरवली तरी कळतं की ८ गुणांचा नियम भलत्याच लेखांना चिकटतोय. नियम फार असतील तर एका ग्रुपपुरतेच घ्या. एक लक्षात ठेवा: स्कोअर ग्रुपमध्ये शिरताना मोजले जातात. फाइल बाहेरच्या एडिटरमध्ये बदलली असेल तर प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर जुन्याच नियमांचे निकाल बघत बसाल.

आता तुमची फाइल.

दोन लेखकांचा नियम तुम्ही असा लिहिलाय की एकदा 'स्कोअर: -१०००' आणि त्याखाली 'फ्रॉम:' च्या दोन ओळी, प्रत्येकीत एकेक पत्ता. वाचायला अगदी सरळ वाटतं. पण एका कोलनचा अर्थ आहे: खालच्या सगळ्या अटी एकाच वेळी पुऱ्या झाल्या पाहिजेत. एक लेख एकाच वेळी दोन माणसांनी पाठवलेला असणार नाही, म्हणून हा नियम कोणालाच लागत नाही आणि लागणारही नाही. 'स्कोअर::' असे दोन कोलन दिले की अर्थ बदलतो, खालच्यापैकी कोणतीही एक अट पुरी झाली तरी चालते. या एका कोलनमुळे अडलेल्या फाइली मी इतक्या बघितल्यात की 'नियम लागतच नाही' असं कोणी म्हटलं की मी आधी कोलन मोजतो.

कोलन दुरुस्त केल्यावरही ते दोघे यादीतून जाणार नाहीत, हेही आत्ताच सांगून ठेवतो. एसएलआरएनमध्ये शून्याच्या खालचा लेख आपोआप वाचलेला म्हणून खुणावला जातो. यादीतून पार नाहीसा व्हायला स्कोअर -९९९९ पर्यंत उतरावा लागतो. हे उंबरठे सेटिंग फाइलमधून बदलता येतात, पण तुम्ही बदललेले नाहीत. पॅनमध्येही -९९९९ म्हणजे दुर्लक्षित आणि -९९९८ ते -१ म्हणजे नुसता खालचा. शिवाय तुमच्याच फाइलमध्ये वर 'यीस्ट' या शब्दाला अधिक दोन हजार आहेत. त्या दोघांपैकी कोणी यीस्टबद्दल लिहिलं की उणे हजार अधिक दोन हजार, म्हणजे लेख उलट ठळक होऊन वर येणार. माणूस खरोखर नकोच असेल तर त्याचा नियम ग्रुपच्या भागात सगळ्यात वर घ्या आणि बरोबरच्या चिन्हासकट -९९९९ द्या. मग पुढची बेरीज होतच नाही.

आणि एक गोष्ट नियमाच्या माथी मारू नका. तुम्ही लिहिलंय की त्यांचं बोलणं अजूनही दिसतं. फ्रॉमचा नियम त्या माणसाचे लेख अडवतो. त्याला उत्तर देणारे लोक त्याचे चार परिच्छेद जसेच्या तसे खाली चिकटवतात, ते लेख वेगळ्या माणसांचे आहेत आणि ते दिसणारच. तेही कमी करायचे असतील तर रेफरन्सेस या हेडरवर (लेखाच्या डोक्यावरच्या माहितीच्या ओळीवर) नियम लिहावा लागतो, कारण उत्तराच्या त्या हेडरमध्ये आधीच्या लेखांच्या मेसेज-आयडी, म्हणजे प्रत्येक लेखाच्या वेगळ्या ओळखखुणा, ओळीने असतात. पण तिथे -९९९९ देऊ नका, थोडे गुण कमी करा. चांगला माणूस वाईट माणसाला उत्तर देताना कधी कधी फार मोलाचं लिहून जातो.

क्रिकेटच्या ग्रुपकडे येतो. तुम्हाला कसोटीची चर्चा हवी आहे, आयपीएलची नको, म्हणून तुम्ही हे लिहिलंत:

[रेक.स्पोर्ट.क्रिकेट]
स्कोअर: =-९९९९
सब्जेक्ट: आयपीएल

हेतू स्वच्छ आहे. पण ही ओळ शब्द शोधत नाही, अक्षरं शोधते, आणि लहान-मोठ्या लिपीचा भेद न करता शोधते. आता 'ट्रिपल' हा शब्द इंग्रजीत लिहून बघा. टी, आर, मग आय, पी, एल, आणि शेवटी ई. आयपीएल मधोमध बसलंय. म्हणजे ज्या ज्या विषयात 'ट्रिपल सेंच्युरी' आहे तो लेख तुमच्याकडे पोचण्याआधीच गेला. कसोटीतल्या त्रिशतकांची चर्चा वाचायला तुम्ही त्या ग्रुपमध्ये जाता आणि तीच तुमच्या नियमाने कापली. 'डिसिप्लिन' हा गोलंदाजीबद्दल लिहिताना सारखा येणारा शब्द, त्यातही तीच तीन अक्षरं सलग आहेत. 'मल्टिपल' मध्येही. तुमच्या फाइलमधला सगळ्यात जास्त नुकसान करणारा नियम हाच आहे, आणि तुम्हाला सगळ्यात कमी संशय याचाच होता.

दुरुस्ती करताना शब्दाच्या दोन्ही कडा सांगाव्या लागतात. एसएलआरएन ज्या एस-लँग लायब्ररीवर उभा आहे तिथे शब्दाची सुरुवात \< आणि शेवट \> असा लिहितात. पॅनमध्ये मात्र रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर शोधायच्या खुणांची भाषा) पर्ल या प्रोग्रामिंग भाषेच्या धाटणीची आहेत, तिथे या खुणा तशा चालत नाहीत. तिथे बॅकस्लॅश आणि लहान बी. एकच फाइल दोन्हीकडे वापरायची असेल तर दोघांनाही कळेल असंच लिहायला हवं. 'स्कोअर::' घ्या आणि त्याखाली सब्जेक्टच्या तीन ओळी द्या. पहिलीत आयपीएलच्या दोन्ही बाजूंना 'इंग्रजी अक्षर सोडून काहीही' असा चौकोनी कंस. दुसरीत ओळीच्या सुरुवातीची ^ ही खूण, मग आयपीएल, मग तोच कंस. तिसरीत आधी कंस, मग आयपीएल आणि ओळीच्या शेवटची $ ही खूण. दिसायला जड आहे, पण दोन्ही प्रोग्राममध्ये सारखंच चालतं, आणि आयपीएलला चिकटून वर्षाचा आकडा लिहिलेला असला तरी सापडतं. आणि -९९९९ ऐवजी -५०० द्या. वाचलेला म्हणून खुणावला जाईल, पण यादीत राहील, म्हणजे चुकून काही चांगलं अडकलं तर नजरेला पडेल.

दोन प्रोग्राममधला हाच फरक तुमच्या सल्फाइटच्या कोड्याचं उत्तर आहे. तुमच्या ओळीत 'सल्फाइट' आणि 'एसओ२' यांच्यामध्ये उभी रेघ आहे, म्हणजे हे किंवा ते. पर्लच्या धाटणीत ती चालते, म्हणून ऑफिसात नियम लागतो. एस-लँगच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये उभ्या रेघेला हा अर्थ नाही. तिथे ती नुसती एक रेघ, आणि मधे खरोखरची रेघ असलेला विषय कोणी लिहीत नाही. पुन्हा तोच इलाज, दोन कोलन आणि प्रत्येक पर्यायाला स्वतंत्र ओळ. या नियमात आणखी एक गळती आहे, ती तुमच्या लक्षात आलेली नाही कारण काही लेख तरी वर येत होते. आपण शाळेत शिकलेलं स्पेलिंग ब्रिटिश, पीएच घालून. वाइनमेकिंगच्या ग्रुपमध्ये अमेरिकन लोक भरपूर, ते एफ घालून लिहितात. तुमचा नियम पीएचवालाच आहे. एक ओळ एफची वाढवा.

त्याच भागात तुम्ही 'मस्ट' या शब्दाला अधिक हजार दिलेत. द्राक्षांचा रस, आंबवण्याआधीचा, हा तुमच्या कामाचा शब्द आहे हे कळतं. पण इंग्रजीत त्याच स्पेलिंगचं क्रियापद रोज हजार ठिकाणी वापरतात, आणि जाहिरातवाले विषयाच्या ओळीत 'मस्ट रीड' लिहितात. तुमच्या यादीत वर येणाऱ्या कचऱ्याचं मूळ तिथे आहे. एकटा 'मस्ट' काढून टाका. हवंच असेल तर एका कोलनचा नियम करून त्यात सब्जेक्टच्या दोन ओळी द्या, एक मस्टची आणि एक ब्रिक्सची (रसातल्या साखरेच्या मापाची) किंवा यीस्टची. दोन्ही शब्द एकाच विषयात आले तरच गुण. एक कोलन इथे कामाचा.

चौकोनी कंसाचंही सांगून ठेवतो, कारण तुमच्या फाइलमध्ये तो सापळा आहे, फक्त अजून लागलेला नाही. तुम्ही एका नियमाला शेऱ्याची खूण लावून तो तात्पुरता बंद केलाय, सब्जेक्टमध्ये [एफएक्यू] असं कंसासकट. तो तसाच चालू केलात तर चौकोनी कंस म्हणजे 'यातलं कोणतंही एक अक्षर'. एफ, ए किंवा क्यू यापैकी एक तरी अक्षर नाही असा विषय इंग्रजीत शोधावा लागेल. उणे आकडा असता तर अख्खा ग्रुप साफ झाला असता. कंस शब्दशः हवा असेल तर त्याआधी बॅकस्लॅश द्या. पत्त्यातल्या अधिकच्या चिन्हालाही तेच लागू आहे.

मराठी ग्रुप रिकामा का दिसतो, हे शोधायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला, आणि त्याबद्दल मला सगळ्यात जास्त वाटतंही. फाइलच्या अगदी शेवटी तुम्ही कुठून तरी आणलेला एक नियम चिकटवलाय. दोन कोलनचा, -९९९९ चा. पहिल्या ओळीत सब्जेक्टमध्ये बरोबरचं चिन्ह आणि त्याला लागून प्रश्नचिन्ह शोधलंय, दुसऱ्या ओळीत आस्कीच्या (साध्या इंग्रजी अक्षरं-आकड्यांच्या संचाच्या) बाहेरचं कोणतंही अक्षर. ज्याने तो लिहिला त्याला परदेशी लिपीतला स्पॅम नको होता. तुम्हाला तो वाइनमेकिंगसाठी हवा होता. पण फाइलमध्ये चौकोनी कंसातलं ग्रुपचं नाव पुढचा कंस येईपर्यंत लागू राहतं, आणि तुमच्या फाइलमधला शेवटचा कंस मराठी ग्रुपचा आहे. नियम आपोआप त्याच्या खाली गेला.

आता तो काय करतो बघा. विषयाच्या ओळीत देवनागरी असली की ती बहुतेक वेळा जशीच्या तशी जात नाही. १९९६ च्या आरएफसी २०४७ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम सांगणारे दस्तऐवज) प्रमाणे ती आस्की अक्षरांच्या वेष्टनात गुंडाळून पाठवतात, आणि त्या वेष्टनाची सुरुवातच बरोबरचं चिन्ह आणि प्रश्नचिन्ह यांनी होते. काही प्रोग्राम ते उलगडून मग नियम लावतात, काही कच्च्या ओळीवरच लावतात. कच्च्या ओळीवर लावला तर पहिली अट लागते. उलगडून लावला तर समोर देवनागरी येते आणि दुसरी अट लागते. सुटका कुठेच नाही. मराठीत विषय लिहिणारा प्रत्येक माणूस तुमच्या यादीतून गेला आणि उरले ते इंग्रजीत विषय लिहिणारे. तुम्ही लिहिलंत की तिथे आता कोणी मराठीत लिहीत नाही. हा निष्कर्ष त्या नियमाने तुमच्याकडून काढून घेतलाय. तो आधी काढा, मग बघा.

नवीन नियम फाइलच्या तळाशी नुसता चिकटवायचा नाही, त्याच्या डोक्यावर ग्रुपचं नाव स्वतः लिहायचं. एसएलआरएनमध्ये मोठा के दाबून नियम बनवला तर प्रोग्राम हे विचारून घेतो. हाताने चिकटवताना विसरायला होतं.

तुम्हाला मराठी शब्दांवर नियम लिहायचेत असंही तुम्ही म्हणालात. लिहा, पण दोन गोष्टी सांभाळून. वेष्टनातली कच्ची अक्षरं बघून त्यावर नियम लिहू नका. 'म' हे अक्षर त्या वेष्टनात चार, के, एस आणि लहान यू असं दिसतं, आणि चार-के-एस ही सुरुवात क पासून ह पर्यंतच्या सगळ्या व्यंजनांना सारखीच. मनात येतं की अख्खा शब्द असा लिहून ठेवावा. पण देवनागरी अक्षर तीन बाइटचं आणि मधली मोकळी जागा एका बाइटची. तीन तीन बाइटचे गठ्ठे पाडून ते वेष्टन होतं, त्यामुळे शब्दाआधी एक मोकळी जागा आली की पुढचं सगळं सरकतं आणि तोच शब्द पूर्ण वेगळा दिसतो. प्रोग्राम उलगडून नियम लावतो का, हे बघायला 'द्राक्ष' या शब्दाला ७ गुण द्या आणि तो शब्द विषयात असलेल्या लेखाचा आकडा बघा.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. 'शेतकऱ्यांना' यातला अर्धा र बघा. तो टाइप करायचे एकाहून जास्त मार्ग आहेत. कोणी खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलंत जोडतो. कोणी साधा र, हलंत आणि त्यानंतर न दिसणारं जोडणारं चिन्ह घालतो. ऱ सुद्धा एकच अक्षर म्हणून येऊ शकतो किंवा र आणि खालचं टिंब असे दोन तुकडे म्हणून. डोळ्यांना सगळं एकच, नियमाला सगळं वेगळं. म्हणून पिंपळगाव बसवंत किंवा लासलगावच्या शेतकऱ्यांवरचे लेख हवे असतील तर 'शेतक' एवढंच लिहा आणि थांबा. अर्ध्या र च्या आधी तोडलं की शेतकरी, शेतकऱ्यांना, शेतकऱ्यांचे, सगळे सापडतात.

घरी ग्रुप उघडायला लागणारा वेळ हा वेगळा विषय, पण त्याचंही कारण फाइलमध्येच आहे. न्यूजरीडर ग्रुपमध्ये शिरताना पूर्ण लेख आणत नाही, सर्व्हरकडून लेखांचा गोषवारा मागतो. २००६ च्या आरएफसी ३९७७ मध्ये त्यात काय असतं ते ठरलंय: विषय, लेखक, तारीख, मेसेज-आयडी, रेफरन्सेस, बाइट आणि ओळी. बहुतेक सर्व्हर त्याला एक्सरेफ (लेख कोणकोणत्या ग्रुपमध्ये आहे ते सांगणारं हेडर) जोडतात. यावरचे नियम फुकटात चालतात, कारण माहिती आधीच हातात असते. बाकी कुठल्याही हेडरवर नियम लिहिला की प्रोग्रामला सर्व्हरला वेगळं विचारत बसावं लागतं. तुमच्याकडे एनएनटीपी-पोस्टिंग-होस्ट (लेख कोणत्या मशीनवरून टाकला ते सांगणाऱ्या) या हेडरवर तीन नियम आहेत, तेही तारांकित कंसाखाली, म्हणजे सगळ्या ग्रुपना लागू. त्यात भर म्हणजे हे हेडर आता जुनं झालंय. २००९ च्या आरएफसी ५५३६ ने त्याच्या जागी इंजेक्शन-इन्फो आणलं. म्हणजे वेळ पूर्ण जातो आणि बहुतेक लेखांत ते सापडतही नाही. तिन्ही काढा. एकाच लेखाला अनेक ग्रुपमध्ये टाकणारे पकडायचे असतील तर न्यूजग्रुप्स हेडरऐवजी एक्सरेफ वापरा. त्यात तुमच्या सर्व्हरवर असलेलेच ग्रुप मोजले जातात, त्यामुळे आकडा थोडा कमी येईल, पण काम भागतं. तुमचा सर्व्हर गोषवाऱ्यात नेमकं काय देतो ते बघायचं असेल तर टेलनेटने पोर्ट ११९ वर जाऊन लिस्ट ओव्हरव्ह्यू.एफएमटी ही आज्ञा द्या, यादी समोर येईल.

मुदतीचा नियम कधी लागला नाही, कारण तारीख. तुम्ही 'एक्स्पायर्स: ५/११/२०२५' लिहिलंत, मनात पाच नोव्हेंबर. तिरक्या रेघेची तारीख अमेरिकन पद्धतीने वाचली जाते, आधी महिना. प्रोग्रामने अकरा मे वाचलं आणि ऑक्टोबरात लिहिलेला तुमचा नियम जन्मतःच मुदत संपलेला ठरला. मुदत संपलेला नियम फाइलमधून पुसला जात नाही, नुसता वगळला जातो, म्हणून तो तुम्हाला तिथे दिसत होता आणि चालत नव्हता. आडवी रेघ वापरलीत, ५-११-२०२५, की आपल्या पद्धतीने आधी दिवस वाचला जातो. यापुढे तशीच लिहा.

शेवटी फाइलच्या मधल्या भागातला तो लांबलचक गठ्ठा, मेसेज-आयडीत गूगलग्रुप्स असलेले सगळे लेख -९९९९ करणारा. २०२३ च्या अखेरीस तिकडून स्पॅमचा पूर आला होता तेव्हा तो अनेकांनी लावला, तो बरोबरही होता. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगल ग्रुप्सवरून यूझनेटवर नवीन लेख टाकता येत नाहीत, तेव्हा नव्या लेखांना तो लागायचं कारण उरलं नाही. पण तुम्ही त्यासोबत रेफरन्सेसवरही तोच नियम लावलाय, आणि तुमच्या सर्व्हरवर जुने लेख आहेत. वाइनमेकिंगमध्ये जुन्या प्रश्नांना दिलेली उत्तरं वाचायला तुम्ही मागे जाता तेव्हा ज्या धाग्याची सुरुवात गूगल ग्रुप्सवरून झाली होती त्याची सगळी उत्तरं, कोणीही लिहिलेली असोत, हा नियम लपवतो. मेसेज-आयडीचा नियम राहू दे, हवं तर -५०० करा. रेफरन्सेसचा पूर्ण काढून टाका, आणि मग मॅलोलॅक्टिक फर्मेंटेशनबद्दलचे ते जुने धागे पुन्हा उघडा, ज्यांची उत्तरं तुम्हाला दिसतच नव्हती.